ओटीपी इथला, डेटा तिथला: परदेशी निघण्याआधी फोनची तयारी

परदेशात फोनने दगा दिला की पहिली अडचण नकाशाची नसते, ओटीपीची असते. हॉटेलचे पैसे भरायचे, परतीचं तिकीट बदलायचं, पुण्यातल्या घराचं वीजबिल भरायचं, प्रत्येक वेळी बँक काही आकडे पाठवते आणि ते येतात भारतातल्या नंबरवर. विमानतळावर उतरल्या उतरल्या भारतीय सिम काढून तिथलं सिम घालणारे लोक हे दार आपल्या हाताने बंद करतात. म्हणून फोनची तयारी एकाच सूत्रावर करायची: भारतीय सिम फोनमध्ये जिवंत ठेवायचं, पण फक्त एसएमएससाठी. इंटरनेट दुसऱ्या सिमवरून घ्यायचं.

आठ दिवस आधी

डायलरवर *#०६# टाका. आयएमईआय, म्हणजे फोनच्या ओळख क्रमांकांसोबत ईआयडी नावाचा ३२ आकडी क्रमांक दिसला, तर फोनमध्ये ई-सिम, म्हणजे प्लास्टिकच्या कार्डाशिवाय फोनमध्येच बसवता येणारं सिम, चालतं. इथे एक खाचखळगा आहे. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये सिमचे दोन खाचे आणि शिवाय ई-सिम असं असलं, तरी एका वेळी दोनच नंबर चालू राहतात. दोन्ही खाच्यांत भारतीय सिम असतील, तर ई-सिम चालू करताना त्यातलं एक बंद होतं. ते नेमकं बँकेशी जोडलेलं नसावं, एवढं बघून ठेवा.

भारतीय नंबर प्रीपेड असेल, तर रिचार्जची मुदत परतीच्या तारखेपुढे किमान आठवडाभर जायला हवी. मुदत परदेशात संपली, तर रिचार्जसाठी कार्ड वापरावं लागतं, कार्डासाठी ओटीपी लागतो आणि तो येतो त्याच बंद पडलेल्या नंबरवर. किल्ली कुलपाच्या आत राहते. घरातल्या कुणालातरी आपला नंबर आणि प्लॅन लिहून द्या, म्हणजे वेळ आली तर ते इथून रिचार्ज करू शकतील.

मग आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्या. ही सेवा कंपनीच्या अ‍ॅपमधून भारतात असतानाच चालू करायची. काही कंपन्यांच्या प्रीपेडवर छोटासा रोमिंग पॅक टाकल्याशिवाय सिम परदेशी नेटवर्क पकडतच नाही, तेव्हा कस्टमर केअरला थेट विचारा: “पॅक न घेता मला त्या देशात एसएमएस येईल का?” येणारा एसएमएस सहसा फुकट असतो. येणारा कॉल उचलला, तर मात्र मिनिटाच्या हिशेबाने पैसे पडतात. कॉल फॉरवर्डिंग चालू असेल, तर न उचललेला कॉलही परदेशात जाऊन परत भारतात वळतो आणि दोन्ही बाजूंचे पैसे लागू शकतात. निघण्याआधी ##००२# डायल केलं की सगळं फॉरवर्डिंग रद्द होतं.

नवा फोन घेणं, फोन रीसेट करणं, सिमचं ई-सिम करून घेणं ही कामं प्रवासाच्या तोंडावर करू नका. सिम बदललं की फसवणूक टाळण्यासाठी त्या नंबरचे एसएमएस पहिले २४ तास बंद ठेवले जातात. शिवाय यूपीआयचं अ‍ॅप नव्या फोनवर किंवा नव्या सिमवर टाकलं की ते आधी तुमच्या नंबरवरून गुपचूप एक एसएमएस पाठवून खात्री करून घेतं. रोमिंगमध्ये हा एसएमएस आंतरराष्ट्रीय होतो आणि अनेकदा पोचत नाही. अ‍ॅप चालत नाही म्हणून परदेशात ते काढून पुन्हा टाकणं ही अगदी नेहमीची चूक. चालू असलेलं अ‍ॅप तसंच राहू द्या.

ई-सिम घेताना

ई-सिम घरच्या वाय-फायवर, निघण्याच्या एक-दोन दिवस आधी बसवा. ते बसवायला इंटरनेट लागतं, आणि उतरल्यावर नेमकं तेच नसतं. त्याची मुदत बहुधा त्या देशातलं नेटवर्क पहिल्यांदा पकडल्यावर सुरू होते, पण काही कंपन्या बसवल्या क्षणापासून दिवस मोजतात. विकत घेताना ही एक ओळ नीट वाचा. ई-सिम बसवायला कंपनी पाठवते तो क्यूआर कोड सहसा एकदाच चालतो, त्यामुळे “नीट बसलं नाही” म्हणून ई-सिम पुसून टाकू नका. पुसलं की दुसरं विकत घ्यावं लागू शकतं.

किती डेटा घ्यायचा? नकाशा, मेसेज, दिवसाला एखादा व्हिडिओ कॉल आणि थोडं वाचन एवढंच असेल, तर दहा दिवसांना ५ जीबी पुरतात. हिशेब कोलमडतो तो फोटोंच्या आपोआप होणाऱ्या बॅकअपमुळे आणि अ‍ॅप अपडेटमुळे. दोन्ही ‘फक्त वाय-फायवर’ करून ठेवा. गूगल मॅप्समध्ये शहराचा ऑफलाइन नकाशा आणि ट्रान्सलेटमध्ये तिथली भाषा घरीच उतरवून घ्या.

विमान उतरल्यावरची सेटिंग्ज

इथली गफलत सगळ्यात महागात पडते, म्हणून क्रम सांभाळा.

१. दोन्ही सिम चालू ठेवा. त्यांना नावं द्या, ‘भारत’ आणि ‘प्रवास’, म्हणजे घाईत गोंधळ होत नाही.
२. मोबाइल डेटासाठी ‘प्रवास’ निवडा.
३. ‘भारत’ सिमचं डेटा रोमिंग बंद करा.
४. ‘प्रवास’ सिमचं डेटा रोमिंग चालू करा. 
५. आयफोनमधलं ‘अलाउ सेल्युलर डेटा स्विचिंग’ आणि अँड्रॉइडमधलं आपोआप डेटा बदलण्याचं सेटिंग बंद करा. ते चालू राहिलं, तर ‘प्रवास’ची रेंज गेल्यावर फोन भारतीय सिमचा डेटा ओढायला लागू शकतो.

चौथी पायरी लोकांना पटत नाही, पण ई-सिम बसवूनही इंटरनेट न चालण्याचं मोठं कारण म्हणजे ती न करणं. प्रवासी ई-सिम हे बहुतेक वेळा तिसऱ्याच देशातल्या कंपनीचं असतं, म्हणजे ते स्वतःच रोमिंगवर असतं. रोमिंग बंद केलं, तर रेंजच्या दांड्या दिसतात आणि पान मात्र उघडत नाही. याच कारणामुळे पॅरिसमध्ये बसून फोन उघडला तरी एखाद्या वेबसाइटला तुम्ही भलत्याच देशात आहात असं वाटतं आणि बँकेचं अ‍ॅप जास्तीची खात्री मागतं. बिघाड नाही तो. रोमिंग चालू असूनही पान उघडत नसेल, तर कंपनीने दिलेलं एपीएन नाव (फोनला त्या कंपनीच्या इंटरनेटशी जोडणारं सेटिंग) हाताने भरा आणि फोन एकदा बंद करून चालू करा.

आयफोनवाल्यांसाठी आणखी एक. सिम बदललं की आयमेसेज आणि फेसटाइम नंबरची नोंदणी करायला पडद्यामागून एक आंतरराष्ट्रीय एसएमएस पाठवतात आणि त्याचे पैसे भारतीय नंबरवर लागू शकतात. ही सेवा वापरत नसाल, तर बंद करून निघा. व्हॉट्सअ‍ॅप “नंबर बदलायचा का?” असं विचारेल, तिथे नाही म्हणा.

ओटीपी येत नसेल, तर भारतीय सिमच्या सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क ‘ऑटोमॅटिक’वरून हाताने निवडा. यादीत तीन-चार नावं दिसतील, एकेक करून बघा. भारतीय कंपनीचा करार त्यांतल्या एक-दोघांशीच असू शकतो. आणि एसएमएसवर सगळा भार टाकू नका. बँकेला ईमेलवरही ओटीपी पाठवता येतो का, ते आधी विचारा. गूगल खात्याचे बॅकअप कोड कागदावर छापून पासपोर्टसोबत ठेवा, कारण फोनच हरवला तर फोनमधले कोड कामाचे नाहीत.

अमेरिकेला मुलांकडे निघालेले आईबाबा

आपल्याकडचे कितीतरी लोक चार-सहा महिन्यांसाठी जातात ते मुलांकडे, आणि त्यांच्या फोनचं गणित वेगळं असतं. पेन्शनचं खातं, सोसायटीचे पैसे, गॅसचं बुकिंग सगळं भारतीय नंबरवर चालतं. सहा महिन्यांच्या मुक्कामाला वर्षभराचा रिचार्ज करूनच निघावं. प्रीपेड नंबर सलग ९० दिवस अजिबात वापरात नसेल, तर तो बंद होऊ शकतो. म्हणून सिम ड्रॉवरमध्ये टाकून ठेवू नका, आणि महिन्यातून एकदा त्यावरून एक एसएमएस पाठवा. त्याचे थोडे पैसे पडतात, नंबर मात्र हातात राहतो.

दुसरा प्रश्न फोनचा. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये थ्रीजी बंद केलं. आता साधा कॉलसुद्धा व्हीओएलटीईवर, म्हणजे फोरजी नेटवर्कवरून होतो, आणि भारतात घेतलेल्या प्रत्येक फोनची ही सोय तिथली कंपनी मानतेच असं नाही. एटी अँड टी तर आपल्या मान्य यादीत नसलेला फोन जोडत नाही. तिथे दूरवर आणि घराच्या आत रेंज पोचवतात ते कमी वारंवारतेचे बँड, म्हणजे फोरजीच्या (एलटीईच्या) लहरींचे पट्टे: १२, १३ आणि ७१. भारतात विकल्या जाणाऱ्या स्वस्त फोनमध्ये हे बँड बरेचदा नसतात. त्यामुळे रस्त्यावर रेंज भरपूर आणि तळघरातल्या खोलीत शून्य, असं होतं. फोनच्या तांत्रिक माहितीत ‘एलटीई बँड’ची ओळ बघा, आयएमईआय क्रमांक मुलाला कळवा आणि त्याच्या कंपनीच्या वेबसाइटवर तो आधीच तपासून घ्यायला सांगा. तिकिटाआधी केलं तरी चालेल असं हे काम आहे, कारण उतारवयात परक्या गावी फोन न लागणं ही साधी गैरसोय नव्हे.

ऑस्ट्रेलियात हेच आणखी कडक आहे. थ्रीजी २०२४ च्या ऑक्टोबरात बंद झालं आणि जो फोन फोरजीवरून आणीबाणीचा ०००  हा कॉल करू शकत नाही, तो तिथल्या नेटवर्कवर चालवूच दिला जात नाही.

भेट म्हणून आलेल्या फोनबद्दलही सांगायला हवं. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोन १४ पासूनच्या फोनमध्ये सिमचा ट्रेच नाही, सगळं ई-सिमवर. भारतात ते चालतं, पण एखाद्या देशात फक्त प्लास्टिकचं सिम मिळत असेल, तर अडतं.

देशोदेशीचे नियम

युरोपीय संघात एका देशाचं सिम दुसऱ्या देशात जादा पैशांशिवाय चालतं, ही सोय २०१७ पासून आहे. स्वित्झर्लंड त्यात नाही. पॅरिसहून इंटरलाकनला जाणारे तिथे हमखास फसतात. युरोपचं सिम घेताना देशांच्या यादीत स्वित्झर्लंड आणि ब्रिटन आहेत का, ते पाहा.

दुबईत व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज जातात, कॉल लागत नाहीत. तिथे राहणारे लोक परवानगी असलेलं बोटिम हे कॉलचं अ‍ॅप वापरतात. घरच्यांनाही ते आधीच टाकून द्या. चीनमध्ये गूगल आणि व्हॉट्सअ‍ॅप दोन्ही स्थानिक सिमवर बंद. परदेशी सिमचा रोमिंग डेटा मात्र आधी त्या सिमच्या देशात जातो आणि मग इंटरनेटला लागतो, त्यामुळे रोमिंगवर ही अ‍ॅप्स साधारणपणे उघडतात. हॉटेलच्या वाय-फायला जोडलं की पुन्हा बंद. तुर्कस्तानात स्थानिक सिम घातलेला परदेशी फोन १२० दिवसांनी नोंदणीअभावी बंद केला जातो. फिरायला जाणाऱ्यांना त्याची झळ लागत नाही, शिकायला जाणाऱ्यांना लागते.

क्रूझवर आणि काही विमानांत जहाजाचं किंवा विमानाचं स्वतःचं नेटवर्क असतं, उपग्रहावरून चालणारं. फोन फ्लाइट मोडवर नसेल, तर तो ते आपसूक पकडतो. तुमचा रोमिंग पॅक तिथे लागू होईलच असं नाही आणि दर डोळे पांढरे करणारे असतात. बंदर सुटलं की फ्लाइट मोड.

पॉवर बँक आणि पिन

पॉवर बँक केबिन बॅगेतच न्यायची, चेक-इनमध्ये कधीच नाही. मर्यादा वॉट-अवरमध्ये मोजतात: एमएएच गुणिले ३.७, भागिले १०००. म्हणजे २०,००० एमएएचची ७४ वॉट-अवर, चालते. २७,०००ची ९९.९, १०० च्या मर्यादेच्या काठावर. ३०,०००ची १११, आणि १०० ते १६० च्या दरम्यान विमान कंपनीची आगाऊ परवानगी लागते. वरचे छापील आकडे पुसले गेले असतील, तर सुरक्षा तपासणीत ती काढून घेऊ शकतात. २०२५ पासून सिंगापूर एअरलाइन्स आणि एमिरेट्ससारख्या कंपन्यांनी विमानात पॉवर बँक वापरायलाच मनाई केली आहे. चीनमधल्या देशांतर्गत विमानांत ‘३सी’ हा चीनचा सुरक्षा-प्रमाणाचा शिक्का नसलेली पॉवर बँक नेताच येत नाही, आणि भारतात घेतलेल्यांवर तो बहुधा नसतो.

चार्जरवर ‘इनपुट १००–२४० व्होल्ट’ असं छापलेलं असेल, तर तो जगभर चालतो, फक्त पिन बदलावी लागते. आपल्या फोनच्या चार्जरची बारीक दोन पिन युरोपातल्या सॉकेटमध्ये थेट बसते. ब्रिटन, दुबई, सिंगापूर आणि मलेशियात चौकोनी तीन पिन लागते. तिथल्या सॉकेटची झाकणं वरची अर्थिंगची पिन आत गेल्यावरच उघडतात. पेन खुपसून ती उघडायचा प्रकार करू नका, अडॅप्टर घ्या. अमेरिकेत आणि जपानमध्ये दोन चपट्या पिना.

अडॅप्टर फक्त पिन बदलतो, व्होल्टेज नाही. भारतातून नेलेली २३० व्होल्टची किटली अमेरिकेच्या १२० व्होल्टवर जेमतेम पाव ताकदीने चालते, चहाचं पाणी उकळायला कितीतरी वेळ लागतो. उलट तिकडून आणलेला १२० व्होल्टचा हेअर स्ट्रेटनर इथे लावला, तर जळतो.

पैसे

भारतीय कार्डांवर परदेशी व्यवहार २०२० पासून मुळातच बंद असतात. बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन ते आधी चालू करावे लागतात. टॅप करून पैसे देण्याचा पर्याय वेगळा असतो, तोही बघा. दुकानदाराच्या मशीनने “रुपयांत की युरोत?” असं विचारलं, तर तिथलंच चलन निवडा, रुपयांचा दर मशीनवाला आपल्या सोयीने लावतो. लंडनच्या ट्यूबमध्ये, म्हणजे भुयारी रेल्वेत, आत जाताना आणि बाहेर पडताना तेच कार्ड टेकवा. आत कार्ड आणि बाहेर फोन असं केलं, तर दोन अपुरे प्रवास धरून दोन्हींवर जास्तीत जास्त भाडं लागतं.

परतताना ई-सिम मुंबईत उतरून घरी पोचेपर्यंत पुसू नका. विमान मध्येच कुठे थांबलं किंवा फिरवलं गेलं, तर उरलेला डेटा तिथे उपयोगी पडू शकतो. घरी आल्यावर भारतीय सिमवर डेटा परत वळवा आणि कार्डावरचे परदेशी व्यवहार त्याच दिवशी बंद करा.