सुरीच्या पात्यावर नाव घालायचंय?

तासगाव भागात द्राक्षांच्या छाटणीच्या दिवसांत सुऱ्या हमखास अदलाबदल होतात. भांड्यांवर नाव घालणाऱ्याकडे सुरी नेली, तर त्याचं मशीन पाणी दिलेल्या (तापवून, थंड करून कडक केलेल्या) पात्यावरून घसरतं. भांड्याचा पत्रा मऊ, हे पोलाद कडक. नाव तापवून उमटवायच्या भानगडीत पडू नका. पातं दोनशे अंशांच्या पुढे तापलं की हा कडकपणा उतरू लागतो, मग धार टिकत नाही.

त्यापेक्षा मिठाचं पाणी आणि ९ व्होल्टची बॅटरी वापरा. नंबरप्लेटवाल्या रेडियमच्या दुकानातून नावाची अक्षरं कोरून काढलेला स्टिकर घ्या. जाड, सुटसुटीत अक्षरंच सांगा, नाजूक वेलांट्यांची कड नीट चिकटत नाही. पातं साबणाने धुऊन स्पिरिटने पुसा (तेलाचा अंश राहिला की सगळं फसतं) आणि स्टिकर मुठीजवळ लावा, धारेपासून लांब. आजूबाजूला चिकटपट्टी.

बॅटरीची धन वायर पात्याला, ऋण वायर मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याला. उलटं जोडलंत तर काहीच कोरलं जाणार नाही. बोळा अक्षरांवर चार-पाच सेकंद टेकवा, उचला, पुन्हा टेकवा. फेस येईल, बोळा काळपट होईल. तो बदलत राहा. ऋण वायरची उघडी तार पात्याला लागू देऊ नका.

स्टेनलेसमध्ये क्रोमियम असतं, कोरताना ते पाण्यात उतरतं आणि घातक ठरू शकतं, म्हणून हातमोजे घाला, काम उघड्यावर करा आणि ते पाणी बागेत ओतू नका. शेवटी खाण्याच्या सोड्याने चोळून, धुऊन, कोरडं करून तेलाचा हात फिरवा.