‘डी’ची कळ दोनदा उमटते? मेकॅनिकल कीबोर्ड पहिल्यांदा उघडताना

बेळगावात डीटीपीचं काम म्हणजे एकाच पत्रिकेत वर मराठी, खाली कन्नड. इन्स्क्रिप्ट या कीबोर्ड-मांडणीत दोन्ही लिप्यांना कळा त्याच, त्यामुळे अक्षराचा पाय मोडणारी ‘डी’ची कळ दोन्हीकडून मार खाते. माझ्याकडे सगळ्यात आधी तीच जाते. एकदा दाबली की दोनदा उमटते, ‘श्री’ फुटतो आणि प्रूफ बघायला आलेले काका चष्मा कपाळावर चढवतात.

लगेच स्क्रू ड्रायव्हर उचलू नका. केबल काढा, कीकॅप म्हणजे कळेवरची टोपी उपसा. मेकॅनिकल कीबोर्डात प्रत्येक कळेखाली वेगळा स्विच असतो. त्याच्या आत तांब्याच्या मिश्रधातूच्या दोन पट्ट्या एकमेकींना टेकतात. त्यांच्यावर धूळ किंवा आपल्या पावसाळ्यातली ओल बसली की एका दाबाचे दोन दाब होतात. फुलीच्या आकाराचा दांडा दाबून धरा, कडेनं आयसोप्रोपिल अल्कोहोलचे एक-दोन थेंब सोडा, पन्नासेक वेळा दाबा आणि तासभर वाळू द्या. पुष्कळदा काम इथेच होतं. गंज काढायचा तेलकट स्प्रे मारा म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. त्या तेलावर पुढं धूळच चिकटते.

नाहीच जमलं तर स्विच बदलायचा. हॉट-स्वॅप बोर्ड, म्हणजे स्विच नुसते खोचून बसवलेले असतील तर चिमट्यानं ओढायचा, नवा बसवायचा, फक्त पिना सरळ आहेत ना ते बघून.

स्विचला डाख (सोल्डर) दिलेला असेल तर बोर्ड उघडावा लागतो. सगळे स्क्रू काढले तरी उघडत नसेल तर एखादा स्टिकरखाली किंवा रबरी पायाखाली दडलेला असतो. कडेचे खटके जुन्या एटीएम कार्डानं सोडवा. झाकण झटक्यानं उचलू नका, आत केबलचा छोटा कनेक्टर असतो.

आता खरी मेख. जुना डाख काढणं. मी पहिल्यांदा केलं तेव्हा सोल्डरिंग आयर्न लावला, डाख शोषणाऱ्या पंपानं एकदा ओढलं, डाख गेल्यासारखा दिसला आणि वरून स्विच उपटला. स्विच आला, पण पिनेबरोबर बोर्डावरचं तांब्याचं कडंही आलं. त्या कळेला शेवटी जवळच्या डायोडपासून बारीक वायर टाकून जोडावं लागलं. एका कळेसाठी अख्खी दुपार गेली.

चूक कुठं झाली ते नंतर कळलं. कारखान्यातला डाख बहुधा शिसंविरहित असतो. तो २१७ अंशांच्या पुढंच वितळतो, आणि भोकाच्या आतला भाग वरवरच्या उष्णतेनं नीट वितळतच नाही. म्हणून आधी काढायचं नाही, आधी घालायचं. हे ऐकून सगळे माझ्याकडं वेड्यासारखे बघतात. पण ६०/४०ची (६० टक्के कथील, ४० टक्के शिसं) साधी सोल्डर वायर १८३ ते १९० अंशांना वितळते. ती जुन्यात मिसळली की सगळं मिश्रण लवकर पातळ होतं. आयर्न ३५० अंशांवर ठेवा, टोक पिनेला आणि कड्याला एकदम टेकवा, थोडी नवी वायर द्या, दोन-तीन सेकंद थांबा, आणि डाख चकचकीत असतानाच पंप मारा. नाही निघाला तर तिथंच टोक घासत बसू नका. बोर्ड थंड होऊ द्या, पुन्हा नवा डाख घाला, पुन्हा ओढा.

मग परीक्षा. थंड झालेली पिन चिमट्यानं हलवून बघा. भोकात मोकळी हलली तरच ती सुटली. दोन्ही पिना अशा हलल्याशिवाय स्विचला हात लावू नका. त्यानंतर स्विच ज्या पट्टीत बसवलेला असतो तिथले खटके दाबले की स्विच आपोआप वर येतो. जोर लावावा लागतोय म्हणजे डाख अजून आत आहे, तुमच्या मनगटात कमी ताकद आहे असं नाही. आणि हो, खिडकी उघडी ठेवा, काम झाल्यावर हात धुऊनच चहाला जा. वायरमध्ये शिसं आहे.

नवा स्विच बसवून डाख द्यायला दोन मिनिटं. त्याच्या दोन पिनांना उलटसुलट नसतं. एलईडी असेल तर त्याला मात्र असतं.

स्क्रू लावण्याआधी केबल जोडा आणि ‘श्री’ एकदा मराठीत, एकदा कन्नडमध्ये टाइप करून बघा. नंतर एखादा स्क्रू कमी भरला तर बोर्ड हलवून ऐका. खुळखुळला तर परत उघडा, कारण तो सर्किटवरच पडलाय.