तळ्याच्या तोंडाशी गाळाचा खड्डा

येऊरच्या पायथ्याशी किंवा खारघरच्या टेकडीखाली कोणाचं छोटं तळं असेल तर पहिल्याच जोरदार पावसात डोंगरावरची माती वाहून येते आणि तळं दरवर्षी थोडं थोडं उथळ होत जातं, मग गाळ काढायला आत जेसीबी उतरवा, खर्च करा, काठ मोडा. त्यापेक्षा मे महिन्यातच हे करून ठेवा.

१. पाणी जिथून तळ्यात शिरतं त्याच्या अलीकडेच एक खड्डा घ्या, तळ्याच्या साधारण १० टक्के पाणी मावेल एवढा.

२. नाल्याच्या तोंडाशी मोठे दगड टाका, पाण्याचा जोर तिथेच मोडतो.

३. खड्डा आणि तळं यांच्यामध्ये दगडांचा बुटका, रुंद बांध घाला. याचा माथा गवंड्याच्या पाण्याच्या नळीने नीट लेव्हल करून घ्या, हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण एक कोपरा जरी खाली राहिला तरी सगळं पाणी तिथूनच धावतं आणि गाळ सोबत घेऊन जातं, सपाट माथ्यावरून मात्र ते पातळ पसरून सावकाश उतरतं.

४. खड्डा गाळाने निम्मा भरला की तो गाळ उपसा.

पाणी थोडं लालसर दिसेलच, बारीक माती पुढे जाते, पण रेती-मुरूम अलीकडेच बसतो.

फक्त उपसलेला गाळ काठावर टाकू नका, पुढच्या सरीला परत आत येईल.