ड्रोन हवेतच बंद पडतोय? आधी बॅटरी बघा

लग्नाच्या शूटिंगमध्ये माझा ड्रोन दोनदा हवेतच बंद होऊन उसाच्या फडात कोसळला. मोटर बदलली, फरक शून्य. दोष बॅटरीत होता. टेबलावर ठेवली तर डुगडुगायची, म्हणजे पोट फुगलेलं. अशी बॅटरी खाचेत नीट बसत नाही आणि जोराच्या वळणावर संपर्क तुटू शकतो. ती लगेच बाद करा, एका शॉटसाठीही वापरू नका.

बॅटरी चांगली असेल तर पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. बॅटरी बसवताना ‘खट्’ वाजलं तरी तिच्या दोन्ही खिट्ट्या बोटाने चाचपा. अ‍ॅपमध्ये सेलचं, म्हणजे बॅटरीच्या आतल्या प्रत्येक छोट्या घटाचं, व्होल्टेज दिसत असेल तर प्रत्येक सेल बघा: साध्या लिथियम पॉलिमर प्रकारच्या बॅटरीचा सेल पूर्ण चार्जला ४.२ व्होल्टच्या आसपास हवा. एखादा मागे पडला तर उडवू नका. सगळं ठीक असेल तर ड्रोन गवतावर, दोन मीटर उंचीवर मिनिटभर हवेत स्थिर ठेवून बघा. माणसांच्या डोक्यावर चाचणी कधीच नको.