उद्यमनगरातून निवेदन कसं न्यावं

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझं लेथचं वर्कशॉप आहे आणि आमच्या छोट्या कारखानदार संघटनेचं टपाल मी सांभाळतो. नव्या मंडळींसाठी हे लिहितोय.

आधी दार ओळखा. उद्यमनगरातलं गटार महापालिकेचं, शिरोली-गोकुळ शिरगावातला भूखंड एमआयडीसीचा, वीज महावितरणची. आमचा एक अर्ज चुकीच्या टेबलावर अख्खा पावसाळा पडून होता, ते अजून सलतं.

'विकास व्हावा' असं मोघम लिहू नका. पंधरा दिवस वही ठेवा: कास्टिंगचा टेम्पो कुठं अडकला, वीज किती वेळ गेली, किती मशीन थांबली. तारखेसह फोटो काढा. मग एका पानात एकच मागणी. सह्या मालकांच्याच नकोत. हेल्पर, चहावाले, हमाल यांच्याही घ्या, रस्ता त्यांचाही आहे. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय उठू नका. उत्तर आलं नाही, तर तोच क्रमांक देऊन माहिती अधिकारात विचारा. ३० दिवसांची मुदत कायद्यात आहे.

आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. म्हणून दिवाळी झाली की लगेच जा, अंदाजपत्रक जुळण्याआधी.

प्रश्न अनेक खात्यांत अडकला असेल, तर जिल्हा उद्योग केंद्रात लेखी विषय द्या आणि तो जिल्हा उद्योग मित्र समितीपुढे ठेवायला सांगा. अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. बैठकीत बोलणारा एकच ठेवा आणि इतिवृत्ताची प्रत मागाच.

काम झालं की आभाराचं पत्र न्या, त्याचीही पोच घ्या.