काल चालत होतं, आज एरर कसा? लायब्ररींच्या व्हर्जनचा घोळ अन् या चुका टाळा

"दादा, लॅपटॉपवर मस्त चालायलंय, सर्व्हरवर टाकलं की पडायलंय, कोडची एक ओळ बदलली नाही." असा मेसेज आला की मी आधी एकच विचारतो, सर्व्हरवर लायब्ररी कधी टाकल्या? आत्ताच. अन् लॅपटॉपवर? त्या तर पार प्रोजेक्ट सुरू केला तव्हाच टाकल्यात. मग गोम तिथंच आहे, कोड तोच असला तरी कोडच्या खालचं सामान, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडच्या लायब्ररी, दोन्हीकडं वेगळं आहे.

लातूरच्या क्लासेसवाल्यांना टेस्टचे निकाल मोबाईलवर दाखवायचे असोत नाहीतर आडतीवरचे सोयाबीनचे भाव द्यायचे असोत, आपल्याकडची बरीच पोरं पायथन अन् त्यातली वेबसाईट बनवायची लायब्ररी फ्लास्क घेऊनच सुरुवात करतात, म्हणून उदाहरणं त्यातलीच देतो. नोडवाल्यांची (जावास्क्रिप्टवाल्यांची) भानगड पण साधारण अशीच असते, फक्त ते शिव्या दुसऱ्या फाईलला घालतात.

व्हर्जन पक्कं केलं म्हणजे सगळं पक्कं झालं असं समजणं

ही सगळ्यात मोठी चूक आहे म्हणून हिच्यावरच जास्त बोलतो. समजा रिक्वायरमेंट्सच्या फाईलीत, म्हणजे लागणाऱ्या लायब्ररींच्या यादीत, लिहिलंय फ्लास्क==२.२.२. डबल इक्वल टाकलंय, म्हणजे हेच व्हर्जन येणार अन् आपण सेफ असं वाटतं. पिपनं, म्हणजे लायब्ररी उतरवून बसवणाऱ्या टूलनं, कुरकुर न करता सगळं इन्स्टॉल केलं, सर्व्हिस चालू केली अन् धाडकन आलं, 'इम्पोर्टएरर: कॅनॉट इम्पोर्ट नेम यूआरएल_कोट फ्रॉम वर्कझुग.यूआरएल्स'. आता वर्कझुग हे नाव फाईलीत कुठंच नाही, पोरानं ते जन्मात ऐकलेलं नाही, अन् तो फ्लास्कच परत परत काढून टाकत बसतो.

होतं असं की तुम्ही जेवायला एकाला बोलावता अन् त्याच्यासोबत त्याचे चार पाहुणे येतात. फ्लास्क एकटा येत नाही, तो वर्कझुग, जिंजा, इट्सडेंजरस, क्लिक असे सगळे घेऊन येतो. फ्लास्क २.२.२ ची अट काय, तर वर्कझुग २.२.२ किंवा त्याच्या वरचं कुठलंही चालेल, वरची हद्दच घातलेली नाही. सप्टेंबर २०२३ च्या शेवटी वर्कझुग ३.० आलं अन् त्यातून जुनी काही फंक्शनं काढून टाकली, त्यात हे यूआरएल_कोट पण गेलं. त्याच्या आधी ज्यानं इन्स्टॉल केलं त्याच्याकडं वर्कझुग २ आहे अन् त्याचं आजही चालतंय, नंतर ज्यानं केलं त्याला फ्लास्क जुना अन् वर्कझुग नवा अशी जोडी मिळाली. फाईल तीच, तारीख वेगळी.

अन् गंमत म्हणजे अशा वेळी 'पिप चेक' मारलं तर ते म्हणतं 'नो ब्रोकन रिक्वायरमेंट्स फाउंड', सगळं ठीक आहे. कारण पिप कोड वाचत नाही, ते फक्त पॅकेजवर लिहिलेली अट वाचतं, अन् अट तर पाळली गेलीय ना. म्हणून पिप चेक हिरवं आलं म्हणजे घोळ नाही असं धरून चालू नका. ते लाल आलं तर घोळ नक्की आहे, एवढंच त्याच्यावरून कळतं.

इलाज दोन आहेत. लगेच सर्व्हिस उभी करायचीय तर फाईलीत वर्कझुग==२.२.३ ची ओळ वाढवा. सवडीनं करायचं तर फ्लास्क ३ वर या अन् जुना कोड टेस्ट करून घ्या. मी आधी पहिलं करतो अन् मग दुसरं, कारण ज्याचा निकाल उद्या लागायचाय त्याला आज मायग्रेशनचं प्रवचन देऊन फायदा नाही.

ही भानगड काय पहिल्यांदा झालेली नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये मार्कअपसेफ २.१ नं सॉफ्ट_युनिकोड नावाचं फंक्शन काढलं अन् जिंजा २ वाले पडले. पुढच्याच महिन्यात जिंजा ३.१ नं एस्केप काढलं अन् फ्लास्क १.१ वाले पडले. जानेवारी २०२३ मध्ये एसक्यूएलअल्केमी (डेटाबेसची लायब्ररी) २.० आलं, फ्लास्क-एसक्यूएलअल्केमी २.५.१ वाल्यांची बोंब झाली. दरवेळी तेच, तुम्ही नाव लिहिलेली लायब्ररी जागेवर असते अन् तिच्या मागून आलेली बदललेली असते.

त्यामुळं फाईली दोन ठेवा. एकीत फक्त तुम्हाला थेट लागणाऱ्या लायब्ररी, हातानं लिहिलेल्या. दुसरीत सगळ्यांची, मागून आलेल्यांची पण, एकेक व्हर्जन डबल इक्वल लावून. ही दुसरी हातानं लिहायची नाही, पिप-टूल्समधलं 'पिप-कंपाईल' पहिल्या फाईलीवरून ती बनवून देतं, पिपच्या जागी युव्ही नावाचं टूल वापरत असाल तर ते पण देतं. अन् सर्व्हरवर टाकताना दुसरीच टाकायची. नुसतं 'पिप फ्रीझ' पण चालतं, ते बसलेल्या सगळ्यांची व्हर्जन छापून देतं, पण ते व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटच्या (एका प्रोजेक्टच्या लायब्ररींचा वेगळा कप्पा, हिलाच व्हेन्व्ह म्हणतात) आत बसून करा, बाहेर केलं तर मशीनवर असेल नसेल ते सगळं फाईलीत येतं, अगदी उबुंटूची (सर्व्हरवरच्या लिनक्सची) स्वतःची पॅकेजं सुद्धा, अन् मग ती फाईल दुसरीकडं कुठंच बसत नाही.

शेवटची ओळ कॉपी करून सर्च करत सुटणं

शेवटच्या ओळीत फक्त काय सापडलं नाही तेवढं असतं. कोण मागायलं होतं ते तिच्या वरच्या दोन-तीन ओळींत असतं, फाईलीच्या पत्त्यात. वरच्याच एररमध्ये बघा, पत्ता साईट-पॅकेजेस (लायब्ररी बसतात तो फोल्डर), मग फ्लास्क, मग ॲप.पीवाय असा आहे. म्हणजे मागणारा फ्लास्क अन् नाही म्हणणारा वर्कझुग, दोन नावं मिळाली. मग 'पिप शो फ्लास्क' अन् 'पिप शो वर्कझुग' मारा, व्हर्जन कळतं, अन् खाली 'रिक्वायर्ड-बाय' ची ओळ असते तिथं ही लायब्ररी कोणाकोणाला लागते ते दिसतं. पसारा मोठा असला तर पिपडेपट्री नावाचं टूल आहे, ते सगळ्यांचं झाड काढून दाखवतं.

तो पत्ता अजून एक गोष्ट सांगतो, कोणता पायथन चालायलाय. तुमच्या एन्व्हायर्नमेंटचा पत्ता असायला पाहिजे तिथं 'यूएसआर/लिब' दिसलं की थांबा, व्हर्जन बघायची गरजच नाही, घोळ दुसरीकडं आहे. त्याच्यावर खाली येतो.

एक टाकलं, दुसरं मोडलं, दुसरं टाकलं, पहिलं मोडलं

एरर आला की एक लायब्ररी इन्स्टॉल करायची, मग पुढचा एरर, मग पुढची, असं रात्रभर चालू असतं. वेगवेगळ्या कमांडनी टाकलं की पिप त्या वेळी मागितलेल्याचाच विचार करतं, आधीपासून बसलेल्या सगळ्यांचा करत नाही. ते लाल अक्षरात सांगतं पण, की माझा रिझॉल्व्हर (व्हर्जन जुळवणारा भाग) आधीच्या सगळ्या पॅकेजेसचा हिशोब धरत नाही अन् त्यामुळं खालचे कॉन्फ्लिक्ट झालेत, पण त्याच्या खालीच 'सक्सेसफुली इन्स्टॉल्ड' येतं अन् माणूस तेवढंच वाचून खुश होतो. सगळी नावं एका फाईलीत घालून एकाच कमांडनी द्या, मग पिप सगळ्यांना एकत्र बसवून बघतं.

अन् मग बसत नसेल तर स्पष्ट नाही म्हणतं, 'रिझोल्यूशनइम्पॉसिबल'. लोक ह्याला घाबरतात, मला तर हा सगळ्यात चांगला एरर वाटतो, कारण भांडण कोणाचं आहे ते नावानिशी लिहिलेलं असतं. उदाहरणार्थ फास्टएपीआय==०.९५.२ अन् पायडँटिक==२.५.० ह्या दोन लायब्ररी एकत्र मागा. पिप सांगतं की युझरनं पायडँटिक २.५.० मागितलं अन् फास्टएपीआय ०.९५.२ ला पायडँटिक २ च्या खालचं पाहिजे. आता ह्यात जादू काही नाही, दोघांपैकी एकाला सरकावं लागणार. पायडँटिक २ जून २०२३ च्या शेवटी आलं अन् फास्टएपीआयनं ०.१०० पासून त्याला घेतलं, तर फास्टएपीआय वर न्या, नाहीतर पायडँटिक १ वर थांबा. वर नेलं तर पायडँटिकमधलं बेससेटिंग्ज आता पायडँटिक-सेटिंग्ज नावाच्या वेगळ्या पॅकेजात गेलंय हे ध्यानात ठेवा, नाहीतर पुढचा एरर त्याचाच.

हा रिझॉल्व्हर पिप २०.३ पासून, म्हणजे नोव्हेंबर २०२० पासून आहे. त्याच्या आधीचं पिप जे पहिलं सापडेल ते घेऊन मोकळं व्हायचं. उबुंटू २०.०४ सोबत येणारं पिप त्याच्याही आधीचं आहे, तसल्या जुन्या सर्व्हरवर काम करायलात तर एन्व्हायर्नमेंट बनवल्या बनवल्या पिप अपग्रेड करा, मग बाकीचं.

एक आपल्याकडचा प्रॉब्लेम सांगतो. अटी ढिल्या ठेवल्या की पिप एकेक व्हर्जन मागं जात तपासत बसतं, 'धिस कुड टेक अ व्हाईल' म्हणतं, अन् त्यात कधीकधी अख्ख्या फाईली उतरवून बघतं. गावाकडं मोबाईलच्या हॉटस्पॉटवर हे चालू असलं की दिवसाचा डेटा तिथंच संपतो. व्हर्जन पक्की असली तर ही शोधाशोध होतच नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये नेट रडतं तिथं नेट असलेल्या मशीनवर 'पिप डाउनलोड' करून फाईली पेनड्राईव्हवर न्या अन् '--नो-इंडेक्स --फाइंड-लिंक्स' देऊन टाका, फक्त दोन्ही मशीन सारख्या पाहिजेत, विंडोजवर उतरवलेलं नमपाय (आकडेमोडीची लायब्ररी) लिनक्सवर बसणार नाही. अन् नेताना फाईलीच न्या, बनवलेली एन्व्हायर्नमेंट उचलून नेऊ नका, तिच्या आत जुन्या मशीनचे पूर्ण पत्ते लिहिलेले असतात.

सुडो पिप

सुडो लावून, म्हणजे ॲडमिनच्या अधिकारानं, पिप नका करू. उबुंटूची स्वतःची कामं पण पायथनवर चालतात, त्याच्या लायब्ररी तुम्ही वरखाली केल्या तर सर्व्हिस राहिली बाजूला, सिस्टिमच बिघडते. म्हणूनच डेबियन १२ अन् उबुंटू २४.०४ वर पिप व्हेन्व्हच्या बाहेर चालवलं की 'एक्सटर्नली-मॅनेज्ड-एन्व्हायर्नमेंट' म्हणून अडवतं. त्यावर '--ब्रेक-सिस्टम-पॅकेजेस' लावा असं उत्तर सगळीकडं फिरायलंय. नावातच ब्रेक आहे राव. व्हेन्व्ह बनवायला एक ओळ लागते, ती लिहा.

एन्व्हायर्नमेंट एक, सर्व्हिस दुसरीच वापरते

टर्मिनलमध्ये सगळं बरोबर दिसतं, 'पिप लिस्ट' बरोबर, हातानं चालवलं तर चालतं, अन् सिस्टमडीनं (लिनक्सवर सर्व्हिस चालू ठेवणारा प्रोग्राम) सुरू केलं की मॉड्यूल सापडत नाही. परभणीच्या एका पोराचं असंच अडकलं होतं. त्यानं सर्व्हिसची युनिट फाईल पाठवली तर एक्झेकस्टार्टमध्ये (काय चालवायचं त्या ओळीत) पत्ता होता 'यूएसआर/बिन/गुनिकॉर्न', म्हणजे उबुंटूच्या ॲप्टनं टाकलेला गुनिकॉर्न (पायथनचं वेब ॲप चालवणारा सर्व्हर), तो सिस्टिमच्या पायथनवर चालतो अन् त्याला व्हेन्व्हमधलं काही दिसत नाही. "पण दादा, मी ॲक्टिव्हेट केलंय की." अरे, ॲक्टिव्हेट तू तुझ्या टर्मिनलात केलंस, सिस्टमडीला त्याचं काय? तिथं व्हेन्व्हच्या बिनमधल्या गुनिकॉर्नचा पूर्ण पत्ता टाकायचा, डेमन-रिलोड करायचं अन् सर्व्हिस रिस्टार्ट करायची. रिस्टार्ट विसरलात तर चालू प्रोसेस आधी मेमरीत घेतलेलंच व्हर्जन धरून बसते, अन् तुम्ही म्हणता लायब्ररी बदलून पण काही फरक पडंना.

त्याच कारणानं नुसतं पिप लिहू नका, 'पायथन -एम पिप' लिहा, मग ज्या पायथननं चालवायचंय त्याच्यातच सामान पडतं.

लायब्ररीला दोष, चूक पायथनची

इन्स्टॉल करताना जीसीसीचे (सी कंपायलरचे) शंभर ओळींचे एरर यायलेत, किंवा 'नो मॉड्यूल नेम्ड डिस्टयुटिल्स' यायलंय, तर आधी पायथनचं व्हर्जन बघा. उबुंटू २२.०४ वर ३.१० येतो, २४.०४ वर ३.१२. डिस्टयुटिल्स (पॅकेज बांधायचं जुनं मॉड्यूल) ३.१२ मधून काढलंय, अन् ३.१२ च्या नव्या व्हेन्व्हमध्ये सेटअपटूल्स पण आपोआप येत नाही. शिवाय जुन्या नमपायची तयार फाईल ३.१२ साठी नसतेच, नमपाय १.२६ पासून ती आहे, म्हणून पिप सोर्सवरून बांधायला जातं अन् तिथं फुटतं. लॅपटॉपवर ३.१० अन् सर्व्हरवर ३.१२ असं असेल तर लायब्ररी कितीही जुळवा, उपयोग नाही. आधी पायथन सारखा करा.

'नमपाय.डीटाईप साईज चेंज्ड' असा एरर आला तर तो वेगळा. नमपाय २.० जून २०२४ मध्ये आलं, त्याच्या आधी बांधलेलं जुनं पांडाज (तक्त्यांच्या डेटाची लायब्ररी) त्याच्यावर चालत नाही. नमपाय<२ (म्हणजे २ च्या खालचं) लिहा, किंवा पांडाज २.२.२ किंवा त्याच्या पुढच्या व्हर्जनवर जा.

लाईट गेली अन् अर्धवट राहिलं

डेस्कटॉपवर इन्स्टॉल चालू असताना लाईट गेली की साईट-पॅकेजेसमध्ये कधीकधी नावाच्या सुरुवातीला नागमोडी रेघ असलेले फोल्डर उरतात, अन् मग प्रत्येक वेळी 'इग्नोरिंग इनव्हॅलिड डिस्ट्रिब्युशन' अशी वॉर्निंग येत राहते. ते फोल्डर काढून टाकले तरी चालतं, पण अर्ध्यात अजून काय तुटलंय ते शोधत बसण्यापेक्षा अख्खी व्हेन्व्ह डिलीट करा अन् पक्क्या फाईलीवरून परत बनवा. ज्याच्याकडं ती दुसरी फाईल आहे त्याचं हे काम चहा होईस्तोवर उरकतं. ज्याच्याकडं नाही त्यानं, जुनी मशीन अजून चालू असेल तर आजच तिच्यावर व्हेन्व्हच्या आत बसून पिप फ्रीझ मारून ठेवावं, उद्या तिची हार्डडिस्क गेली तर कोणतं व्हर्जन चालत होतं ते विचारायला कोणी नाही.