बेरोजगारी 3.2 टक्के की 5.1? रिपोर्ट हातात आला की आधी काय बघायचं

आर्थिक संशोधन संस्थेचा एखादा रिपोर्ट आला की ग्रुपवर फिरते ती नुसती हेडलाइन, आणि मग एकजण म्हणतो बेरोजगारी 3.2 टक्के, दुसरा म्हणतो 5.1, आणि दोघंही एकमेकांना खोटं पाडायला बसतात. माझं मत सरळ आहे, बऱ्याचदा दोन्ही आकडे प्रामाणिकपणे काढलेले असतात पण लोकांना विचारलेला प्रश्न वेगळा असतो, म्हणून आकड्याच्या आधी प्रश्न शोधायचा. एमपीएससीवाले असोत, मुंबई विद्यापीठात कलिनाला एमए करणारे असोत की रोजचा पेपर नीट वाचायचाय इतकंच असो, हे सगळ्यांना जमतं, गणित फार लागत नाही.

सुरुवातीला बातमी बंद करा आणि मूळ पीडीएफ उघडा, आणि ती कोणाची आहे ते बघा. आर्थिक संशोधन संस्थांपैकी दिल्लीची एनसीएईआर 1956 पासून आहे, पुण्याची गोखले संस्था 1930 पासून, आणि आपल्या मुंबईत गोरेगावला आयजीआयडीआर आहे जी रिझर्व्ह बँकेने 1987 मध्ये उभी केली. सीएमआयई पण मुंबईचीच, 1976 ची, ती खासगी आहे आणि स्वतःचा घरोघरचा सर्व्हे करते. सरकारी सर्व्हे करतं ते एनएसओ, म्हणजे केंद्राचं राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय. बरेचसे संशोधन पेपर एनएसओचाच डेटा घेऊन लिहिलेले असतात, तेव्हा 'अमुक संस्थेचा सर्व्हे' असं कोणी म्हणालं तरी सर्व्हे नक्की कोणी केला ते तपासायचंच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सारांशावर थांबू नका, थेट व्याख्यांच्या पानावर जा, ते बहुतेक वेळा मागे परिशिष्टात असतं आणि कोणी उघडत नाही. बेरोजगारीचंच बघू. एनएसओच्या पीएलएफएस या रोजगार-बेरोजगारीच्या सर्व्हेत दोन मापं आहेत. एक वर्षभराचं, त्यात मागच्या 365 दिवसांत माणूस मुख्यतः काय करत होता ते बघतात, आणि मुख्य काम नसेल पण जोडकाम म्हणून 30 दिवस किंवा जास्त काम केलं असेल तरी तो रोजगारात धरला जातो. दुसरं आठवड्याचं, मागच्या 7 दिवसांत कुठल्याही एका दिवशी एक तास काम केलं तरी पुरतं. सीएमआयई मुख्यतः सर्व्हेचा दिवस किंवा आदला दिवस बघते.

समजा लालबागचा एक मुलगा लग्नसराईत केटरिंगवाल्याकडे दोन महिने राबला आणि आता पावसाळ्यात घरी बसून काम शोधतोय. वर्षाच्या मापात तो कामावर, आठवड्याच्या मापात बेरोजगार, मुलगा तोच. म्हणूनच 2023-24 चा वर्षाचा दर 3.2 टक्के आला, आणि एप्रिल 2025 चा पहिला मासिक आकडा आठवड्याच्या मापावर 5.1 टक्के आला. मधल्या काळात नोकऱ्या गेल्या असं त्यातून काढता येत नाही, हे दोन आकडे शेजारी ठेवायचेच नाहीत. 2017-18 चा 6.1 आणि 2023-24 चा 3.2 हे दोन्ही वर्षाच्या मापाचे आहेत, ते ठेवता येतात.

पण तिथेही थांबू नका. त्याच मुलाची आई नवऱ्याच्या वडापावच्या गाडीसाठी पहाटे उठून बटाटे उकडते, भाजी करून देते, हातात एक रुपया येत नाही, तरी पीएलएफएसमध्ये ती बिनपगारी मदतनीस म्हणून रोजगारातच मोजली जाते. ती मोजली जाते हे बरोबरच आहे, कारण ते कामच आहे, पण रोजगार वाढला असं वाचलं की पगारी किती, स्वतःचा धंदा किती आणि अशा बिनपगारी मदतीचा वाटा किती, ते टेबल शोधायचंच. आणि जो काम शोधत नाही आणि मिळालं तरी करायला तयार नाही तो या हिशोबातून बाहेर पडतो, म्हणून बेरोजगारी दरासोबत श्रमशक्तीतला सहभाग, म्हणजे काम करणारे आणि बेरोजगार मिळून लोकसंख्येत किती टक्के, तो पण बघा, 2023-24 मध्ये 15 वर्षांवरच्यांमध्ये तो 60.1 टक्के होता.

मग किती घरं विचारली ते बघा. एनसीएईआर आणि अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठाच्या आयएचडीएस या घरोघरच्या सर्व्हेत 2004-05 मध्ये 41,554 घरं होती, 1,503 गावं आणि शहरांमधल्या 971 वस्त्या. देशासाठी भरपूर झालं, पण त्यातून धारावी किंवा डोंबिवलीबद्दल कोणी ठाम बोलायला लागलं तर मानू नका, तेवढी घरं त्या नमुन्यात नसतात.

जीडीपीच्या आकड्याला तारीख लावून ठेवा. 2023-24 ची वाढ मे 2024 मध्ये 8.2 टक्के सांगितली होती, फेब्रुवारी 2025 मध्ये तीच 9.2 झाली. माहिती उशिरा येत राहते तसे आकडे सुधारतात, त्यात लपवाछपवी शोधायची गरज नाही, पण जुना आणि सुधारलेला आकडा एकत्र करून तुलना केली की सगळं चुकतं.

पैसे कोणी दिले ते ऋणनिर्देशात असतं, तेही वाचा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

स्वतः करून बघायचं असेल तर पीएलएफएसचा घरनिहाय डेटा सांख्यिकी मंत्रालयाच्या साइटवर फुकट आहे, रिझर्व्ह बँकेचा डीबीआयई हा आकडेवारीचा साठा पण फुकट, आयजीआयडीआरचे वर्किंग पेपर पण. सीएमआयईच्या डेटाला पैसे पडतात, तेव्हा कॉलेजकडे सबस्क्रिप्शन आहे का ते लायब्ररीत विचारा.

आणि एक कळकळीची विनंती, सर्व्हेवाला दारात आला तर त्याला हाकलू नका. टॉवरमध्ये वॉचमनच खाली अडवतो, सेक्रेटरी परवानगी देत नाही, आणि मग चांगल्या कमाईची घरं नमुन्यातून सुटतात आणि खर्चाचे आकडे लंगडे होतात. ओळखपत्र बघा, कुठल्या सर्व्हेसाठी आलात विचारा, ओटीपी किंवा बँकेचा पासवर्ड मागितला तर तो सर्व्हे नाहीच, दार लावा. बाकी सरकारी सर्व्हेत दिलेली घरची माहिती 2008 च्या सांख्यिकी संकलन कायद्याने गुप्त ठेवावी लागते, तेव्हा घरात बसवून खरी उत्तरं द्या, आणि सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये वॉचमनला तशी सूचना द्यायला सेक्रेटरींना सांगा.